दोनदा मुख्यमंत्री झाले, दोनदा खुर्ची गेली, तरी मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की शंकरराव चव्हाणांचंच नाव का येतं?

बीडहून परळीच्या रस्त्याला लागलं की मध्ये वडवणी येतं. तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापसाची, सोयाबीनची रानं आणि एका अंगाला बालाघाटाचे डोंगर. दसरा-दिवाळी उरकली की इथल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर आणि ट्रक लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी भांडी-कुंडी, कोयते आणि लहान लेकरं घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला जातं, कोणी थेट कर्नाटकात.

आता याच वडवणीहून माजलगावकडं जाऊन बघा. तासाभराच्या आतलं अंतर आहे. तिथं सिंदफणा नदीवर मोठं धरण आहे, कालवे आहेत आणि कालव्याच्या कडेनं ऊस उभा आहे. तेलगावला साखर कारखाना आहे. विधानसभेचा मतदारसंघही दोन्हीकडचा एकच, माजलगाव.

मग एका मतदारसंघात एक शेतकरी ऊस लावतो आणि दुसरा ऊस तोडायला परमुलखात जातो, असं का?

याचं उत्तर शोधताना एका माणसाचं राजकीय करिअर समोर येतं. मराठवाड्याचे पहिले मुख्यमंत्री, शंकरराव चव्हाण. मुख्यमंत्री म्हणजे राज्याच्या सरकारचा प्रमुख. ही खुर्ची त्यांना दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा साधारण सव्वादोन वर्षांत गेली. पण त्यांचं जे काम आजही शेतात दिसतं, त्यातलं बरंचसं त्यांनी मुख्यमंत्री होण्याच्या आधीच सुरू केलं होतं.

नेमकं काय झालं होतं, ते सुरुवातीपासून बघू.

पैठणचा मुलगा, नांदेडचा नगराध्यक्ष

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० चा, गोदावरीच्या काठावरच्या पैठणचा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शंकररावांनी मद्रास विद्यापीठातून बीए केलं आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली. त्या काळात मराठवाड्यातल्या साध्या घरातल्या पोरानं इतकं शिकणं ही मोठी गोष्ट होती. काळा कोट घालून निवांत कमाई करता आली असती.

पण तो काळ स्वामी रामानंद तीर्थांचा होता. निजामाच्या राजवटीविरोधात हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला होता. शंकरराव त्यात उतरले. स्वामीजींना मानणाऱ्या याच पिढीतला तेलंगणाचा एक तरुण पुढं देशाचा पंतप्रधान झाला, पी. व्ही. नरसिंह राव. या दोघांचा पुढं पुन्हा एकदा संबंध येणार होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. शंकररावांनी नांदेड ही आपली कर्मभूमी केली आणि तिथले नगराध्यक्ष झाले. सत्तेची पहिली पायरी नगरपालिकेची होती. नळाचं पाणी, गटारं, रस्ते आणि कर वसुली, या शाळेत ते प्रशासन शिकले.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि शंकरराव त्यांच्या सरकारात उपमंत्री. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, असं आजही अभिमानानं सांगितलं जातं. पण अट न घालता आलेल्या भागाला वाटा कसा मिळणार, हा प्रश्न होताच. पश्चिम महाराष्ट्रात ब्रिटिशांच्या काळापासून धरणं आणि कालवे होते, त्यावर सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. निजामाच्या काळातलं निजामसागर धरण तेलंगणात होतं. इकडं राहिली ती विहीर आणि आभाळ.

अशा वेळी शंकररावांच्या हातात पाटबंधारे खातं आलं.

गाव बीड जिल्ह्यातलं, धरण पैठणला

जायकवाडी धरण पैठणला आहे, हे सगळ्यांना माहिती आहे. पण पैठणजवळ जायकवाडी नावाचं गाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. कारण ते गाव आहे बीड जिल्ह्यातलं.

हैदराबाद सरकारच्या काळात गोदावरीवर धरण बांधायचा जो पहिला विचार झाला, तो या जायकवाडी गावाजवळचा होता. म्हणून कागदोपत्री योजनेचं नाव पडलं जायकवाडी. महाराष्ट्र झाल्यावर नव्यानं विचार झाला. धरण नदीच्या वरच्या अंगाला, उंचावर बांधलं तर कालव्यांनी जास्त जमीन भिजेल, असं लक्षात आलं. मग जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला सरकली. जागा बदलली पण फायलीवरचं नाव तसंच राहिलं.

यात एक साधं गणित आहे आणि ते समजलं की वडवणीचा प्रश्नही समजतो. कालव्याचं पाणी पंपानं जात नाही, उतारानं जातं. धरणातून निघालेला कालवा डोंगरकड्यानं हळूहळू उतरत पुढं जातो. त्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजते. वरच्या अंगाची कोरडीच राहते, मग ती कालव्यापासून हाकेच्या अंतरावर का असेना. म्हणून धरण जितकं उंचावर, तितकी खाली जास्त जमीन.

१८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. भारत-पाकिस्तान युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता. देशात धान्याची टंचाई होती. शास्त्रीजी पुढच्या तीन महिन्यांतच ताश्कंदला वारले. धरण पूर्ण झालेलं त्यांना बघता आलं नाही.

धरण किती मोठं, तर मातीची भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब. एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास, त्यातला वापरता येणारा साठा सुमारे ७६ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. साठ्यापैकी साधारण पाव पाणी मृतसाठा असतं, म्हणजे ते दरवाजातून कालव्यात सोडता येत नाही. दुष्काळात बातम्यांमध्ये 'जायकवाडी मृतसाठ्यात' असं येतं ते याचमुळं. धरणातून दोन कालवे निघाले. डावा २०८ किलोमीटर, तो औरंगाबाद, जालना, परभणीकडं जातो. उजवा १३२ किलोमीटर, तो बीड जिल्ह्यात येतो.

आणि हा उजवा कालवा आपल्या गोष्टीत महत्त्वाचा. कारण तो पुढं माजलगाव धरणाला पाणी पुरवतो. सिंदफणेवरचं माजलगाव धरण हा जायकवाडीचाच दुसरा टप्पा आहे. म्हणजे सिंदफणेचं स्वतःचं पाणी कमी पडलं तर गोदावरीचं पाणी पैठणहून उजव्या कालव्यानं माजलगावला आणायचं आणि तिथून पुन्हा कालव्यानं बीड, परभणी आणि नांदेडकडं न्यायचं. एकाला एक जोडलेली ही साखळी आहे.

या सगळ्याला किंमतही होती. नाथसागराच्या पाण्याखाली शंभरच्या आसपास गावं गेली. गोदाकाठची काळी, कसदार जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरं गेली. ज्यांचं गाव पाण्यात गेलं आणि ज्यांच्या शेतात पाणी आलं, ती माणसं वेगळी होती. मराठवाड्याच्या पाण्याची गोष्ट सांगताना ही बाजू गाळून चालत नाही.

पहिली सव्वादोन वर्षं : आणीबाणीचा मुख्यमंत्री

१९७५ पर्यंत वसंतराव नाईक सलग अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर काँग्रेसमधली नाराजी वाढली आणि दिल्लीतून बदल करायचं ठरलं. इंदिरा गांधींनी नाव निवडलं शंकरराव चव्हाणांचं. २१ फेब्रुवारी १९७५ ला ते मुख्यमंत्री झाले.

त्यांचंच नाव का? तर शंकररावांकडं प्रशासनाचा अनुभव होता, पण साखर कारखान्यांचं, सहकारी बँकांचं साम्राज्य नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ताकदवान गटांवर अवलंबून नसलेला माणूस दिल्लीला हवा होता. पण यातच मेख होती. ज्याची स्वतःची फौज नसते, त्याची खुर्ची ज्यानं दिली त्याच्याच मर्जीवर टिकते.

शंकरराव कडक होते. वेळेवर येणारे, फाईल स्वतः वाचणारे, चूक दिसली की अधिकाऱ्याला उभं करून विचारणारे. राजकारणात आणि मंत्रालयात त्यांना 'हेडमास्तर' म्हटलं जायचं. कौतुकानंही आणि वैतागानंही.

चार महिन्यांत, २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. महाराष्ट्रातले विरोधी पक्षांचे कार्यकर्ते येरवडा आणि नाशिकच्या तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. शिस्तप्रिय मुख्यमंत्री आणि आणीबाणी, हे समीकरण लोकांना जाचक ठरलं. १९७६ मध्ये तर राज्याच्या विधिमंडळानं कुटुंबाच्या आकारावर सक्तीची मर्यादा घालणारं, म्हणजे ठरावीक मुलांनंतर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, पण ते मंजूर झालं ते शंकररावांच्या सरकारच्या काळात. हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे आणि तो पाण्यानं धुतला जात नाही.

याच काळात २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचं लोकार्पण झालं. पाटबंधारे मंत्री असताना ज्याची पायाभरणी केली, ते धरण मुख्यमंत्री म्हणून लोकांना देण्याचा योग शंकररावांना आला. तेही जन्मगावी, पैठणला.

पण पक्षात त्यांच्याविरुद्ध खदखद होती. सांगलीचे वसंतदादा पाटील त्यांच्या मंत्रिमंडळात होते. शंकररावांनी त्यांना वगळलं. दादांनी राजकारणातून संन्यास जाहीर केला आणि सांगलीला निघून गेले. हा संन्यास फार दिवस टिकला नाही.

१९७७ ची लोकसभा निवडणूक आली. राज्यातल्या ४८ पैकी काँग्रेसला फक्त २० जागा मिळाल्या. दिल्लीत इंदिरा गांधींची सत्ता गेली. ज्यांनी खुर्ची दिली त्यांचीच ताकद संपली, तर खुर्ची कशी राहणार? मे १९७७ मध्ये शंकररावांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी मुख्यमंत्री कोण झालं? तेच, संन्यास घेतलेले वसंतदादा.

मुख्यमंत्री राहिलेला माणूस पुन्हा मंत्री होतो तेव्हा

आता इथं बहुतेक नेत्यांचं करिअर संपतं. शंकररावांचं संपलं नाही. त्यांनी काँग्रेस सोडून स्वतःचा महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस हा गट काढला. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलं आणि पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार आलं. पवार तेव्हा ३७ वर्षांचे होते.

या सरकारात अर्थमंत्री म्हणून कोण होतं? शंकरराव चव्हाण.

विचार करा. एक-दीड वर्षापूर्वी जो माणूस राज्याचा मुख्यमंत्री होता, तो आता आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या मुख्यमंत्र्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाला होता. २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदानंतर उपमुख्यमंत्री झाले तेव्हा लोकांना नवल वाटलं. पण महाराष्ट्रात हा पायंडा शंकररावांनी फार आधी पाडला होता.

बीडकरांसाठी आणखी एक गोष्ट. याच पुलोद सरकारात उपमुख्यमंत्री होते सुंदरराव सोळंके. माजलगाव पट्ट्यातला नेता. तेलगावच्या कारखान्याला आज त्यांचंच नाव आहे. म्हणजे ज्या भागात जायकवाडीचं पाणी पोचणार होतं, तिथला माणूसही त्याच मंत्रिमंडळात बसला होता.

फेब्रुवारी १९८० मध्ये पुलोद सरकार बरखास्त झालं. तोपर्यंत शंकरराव इंदिरा गांधींकडं परतले होते. नांदेडमधून लोकसभेवर गेले आणि केंद्रात एकेक खातं सांभाळत गेले. शिक्षण, नियोजन, संरक्षण आणि १९८४ च्या अखेरीला राजीव गांधींच्या सरकारात गृहखातं.

दुसरी सव्वादोन वर्षं : झिरो बजेट

मार्च १९८६. मुख्यमंत्री होते शिवाजीराव पाटील निलंगेकर, तेही मराठवाड्याचेच. मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. राजीव गांधींना स्वच्छ प्रतिमेचा, वाद नसलेला माणूस हवा होता. देशाच्या गृहमंत्र्यालाच त्यांनी मुंबईला पाठवलं. १२ मार्च १९८६ ला शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

या वेळी गाजलं ते 'झिरो बजेट', म्हणजे शून्याधारित अर्थसंकल्प. हे प्रकरण काय होतं, ते घरच्या उदाहरणानं समजून घेऊ.

समजा घरात दरमहा केबलला पाचशे रुपये जातात. नेहमीच्या पद्धतीत आपण म्हणतो, मागच्या वर्षी पाचशे होते, यंदा साडेपाचशे धरा. झिरो बजेटमध्ये प्रश्न वेगळा असतो. केबल मुळात लागते का? कोण बघतं? लागत नसेल तर शून्य. प्रत्येक खर्चाला दर वर्षी नव्यानं उत्तर द्यावं लागतं. मागच्या वर्षी मिळाले होते, हे कारण चालत नाही. सरकारी खात्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेल्या, काम संपलेल्या योजना आणि पदं यामुळं उघडी पडतात. साहजिकच अधिकारी आणि आमदार दोघंही वैतागतात. हेडमास्तर पुन्हा वर्गात आले होते.

पण पुन्हा तेच झालं. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवार काँग्रेसमध्ये परतले. पवारांसारखा जनाधार असलेला नेता पक्षात आल्यावर मुख्यमंत्रिपद किती दिवस शंकररावांकडं राहणार, हा फक्त वेळेचा प्रश्न होता. जून १९८८ मध्ये दिल्लीनं निर्णय घेतला. पवार मुख्यमंत्री झाले आणि शंकररावांना केंद्रात अर्थमंत्री करण्यात आलं. १९८९ चा देशाचा अर्थसंकल्प त्यांनी मांडला.

१९९१ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातले जुने सहकारी नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शंकरराव पुन्हा गृहमंत्री. १९९६ पर्यंत ते त्या पदावर होते. याच काळात ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या आणि १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले. केंद्रानं वेळेत पावलं का उचलली नाहीत, हा प्रश्न पंतप्रधानांसोबत गृहमंत्र्यांनाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

२६ फेब्रुवारी २००४ ला त्यांचं निधन झालं. पावणेपाच वर्षांनी, डिसेंबर २००८ मध्ये त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. वडील आणि मुलगा दोघंही मुख्यमंत्री, असं महाराष्ट्रात एकाच घरात घडलंय. अशोकरावांची खुर्चीही दोन वर्षांतच गेली, हा योगायोग वेगळा.

असंच एक उदाहरण आफ्रिकेतलं

धरण आणि सरकारप्रमुख यांची अशीच एक गोष्ट इथिओपियात घडली आहे. तिथं हैलेमरियम देसालेन्य नावाचे पंतप्रधान होते. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर. राजकारणात येण्याआधी ते आर्बा मिंच इथल्या पाणी तंत्रज्ञान संस्थेचे प्रमुख होते.

इथिओपियानं नाईल नदीच्या मुख्य उपनदीवर, ब्लू नाईलवर, महाकाय धरण बांधायला घेतलं. एप्रिल २०११ मध्ये पायाभरणी केली पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी. पुढच्याच वर्षी ते वारले आणि हैलेमरियम पंतप्रधान झाले. त्यांच्या सुमारे साडेपाच वर्षांच्या काळात बांधकाम चालू राहिलं. पण देशात आंदोलनं पेटली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी स्वतःहून राजीनामा जाहीर केला. धरणाचं उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये, पंतप्रधान अबी अहमद यांच्या हस्ते.

म्हणजे नारळ एकानं फोडला, बांधकाम दुसऱ्याच्या काळात झालं आणि फीत तिसऱ्यानं कापली. मोठ्या धरणाचं आयुष्य कुठल्याही खुर्चीपेक्षा मोठं असतं. शंकरराव या बाबतीत नशीबवान. पायाभरणी आणि लोकार्पण, दोन्ही वेळा ते सत्तेत होते.

आणि दुसरं साम्य जास्त महत्त्वाचं आहे. ब्लू नाईलवरच्या धरणानं खालच्या अंगाचा इजिप्त धास्तावला आहे. वरच्यांनी पाणी अडवलं तर आमचं काय, ही त्याची भीती. हा दोन देशांमधला वाद आहे. पण तसाच वाद आपल्याकडं एका राज्यात, जिल्ह्या-जिल्ह्यांत चालू आहे.

धरण झालं, पण पाणी येतं का?

जायकवाडी गोदावरीवर आहे आणि गोदावरी येते नाशिक, नगरकडून. तिथं वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा अशी धरणं आहेत. वर पाणी अडत गेलं तसं कमी पावसाच्या वर्षी जायकवाडी भरणं अवघड होत गेलं. मग दर दुष्काळात मराठवाडा विरुद्ध नगर-नाशिक असा संघर्ष. इकडं मोर्चे, तिकडं मोर्चे आणि दोघांचीही धाव कोर्टाकडं.

२००५ मध्ये राज्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व कायद्यात आलं. म्हणजे एका खोऱ्यातल्या धरणांनी टंचाईही वाटून घ्यायची. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारावर २०१४ मध्ये प्राधिकरणानं आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर वरच्या धरणांतून सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाच्या बाजूनं निकाल दिला.

त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. धरण बांधणं ही अर्धीच लढाई असते, हे मराठवाड्याला तेव्हा पुन्हा कळलं.

आणि जे पाणी येतं, ते कशाला वापरायचं, हा तिसरा प्रश्न. मराठवाड्यासारख्या भागात धरणाचं पाणी खरीप आणि रब्बी मिळून आठ महिने द्यावं, म्हणजे ते थोडं थोडं जास्त लोकांना पुरेल, असा विचार होता. यालाच आठमाही सिंचन म्हणतात. वि. म. दांडेकर आणि दत्ता देशमुख यांच्यासारख्या जाणकारांनी तो जोरकसपणे मांडला. पण ऊस बारा महिने पाणी मागतो. पाणी आलं की ऊस येतो, उसामागं कारखाना येतो आणि कारखान्यामागं राजकारण. एका उसाच्या शेताला जितकं पाणी लागतं, तितक्यात ज्वारी, हरभऱ्याची कितीतरी शेतं निघतील. पण ज्वारीला उसासारखा हक्काचा गिऱ्हाईक नाही. म्हणून शेतकऱ्याला एकट्याला दोष देऊनही भागत नाही.

मग वडवणीचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ.

कालव्याचं पाणी उतारानं जातं, हे आपण बघितलं. बालाघाटाच्या अंगाची, उंचावरची गावं जायकवाडीच्या कालव्याला आपोआप जोडली जाऊ शकत नाहीत. अशा गावांसाठी दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे आपल्याच नदी-नाल्यावर लहान-मध्यम प्रकल्प, जसे वडवणी भागात कुंडलिका नदीवर झाले. पाऊस झाला तर ते भरतात, नाही झाला तर तळ दिसतो. त्यांच्यामागं पैठणसारखा दुसरा साठा उभा नसतो.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी उचलून वर नेणं. हेही मराठवाड्यात झालेलं आहे. नांदेडजवळ गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प हा उपसा सिंचनाचाच प्रकल्प आहे आणि त्याला आज शंकरराव चव्हाणांचंच नाव आहे. तिथं पाणी खालून वर चढवलं गेलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. पण उपशाला वीज लागते, विजेचं बिल लागतं, दुरुस्ती लागते आणि हे सगळं वर्षानुवर्षं लावून धरणारा कोणीतरी लागतो. नांदेडला तो माणूस होता.

नकाशात कालव्याची रेघ जिथून जाते, तिच्या खालच्या गावातला माणूस बागायतदार होतो आणि वरच्या गावातला कोयता घेतो. दोघांचं बियाणं एकच, आभाळ एकच. फरक त्या एका रेघेचा. आणि वरच्या गावातला माणूस जो ऊस तोडायला जातो, तो बहुतेक वेळा कुठल्यातरी कालव्याच्याच पाण्यावर वाढलेला असतो.

म्हणून शंकररावांच्या करिअरकडं दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. मुख्यमंत्री म्हणून त्यांना साडेचार वर्षं मिळाली, तीही तुकड्यांत. त्या साडेचार वर्षांतली आणीबाणी लोक विसरलेले नाहीत. पण पाटबंधारे खात्यात बसून, आराखडे आणि उतारांची गणितं समजून घेऊन त्यांनी जे उभं केलं, त्यावर माजलगावपासून नांदेडपर्यंतच्या कित्येक पिढ्यांची पोटं चालली. हे काम कुठल्याही भाषणापेक्षा जास्त टिकलं.

आणि त्या कामाची मर्यादाही तितकीच खरी आहे. एका धरणानं मराठवाड्याचा दुष्काळ संपणार नव्हता. कालव्याची रेघ जिथं संपते, तिथून पुढचं काम पुढच्यांनी करायचं होतं. मराठवाड्यानं राज्याला शंकररावांसह चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव, निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. तरी दसरा झाला की वडवणीत ट्रॅक्टर लागतातच.

त्यामुळं निवडणुकीत 'आमच्या भागाला मुख्यमंत्रीपद द्या' अशी मागणी ऐकली, की एक प्रश्न विचारायला हवा. पद मिळेल, पण पाटबंधारे खात्यातली ती कंटाळवाणी फाईल कोण वाचणार?

तुमच्या गावापर्यंत कालव्याचं पाणी पोचलंय का? पोचलं असेल तर कधी, आणि नसेल तर कुठवर येऊन थांबलंय, ते नक्की सांगा.